‘हेतूपुरस्पर’ नव्हे हो!

प्रश्न आलाय : मोटिव्हला मराठीत हेतू म्हणायचं, उद्देश, की निमित्त? प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्यानेच खाली ‘त्याने हे हेतूपुरस्पर केलं’ असं लिहिलंय, तेव्हा आधी त्याचा समाचार. ‘पुरस्पर’ असा शब्दच नाही. ‘परस्पर’ आहे, ‘पुरस्सर’ आहे; या दोघांचं लग्न कुणी लावून दिलं देव जाणे, पण रोज कानावर येतं. पुरस् म्हणजे पुढे, सर म्हणजे जाणारा. आणि एकटा ‘हेतू’ दीर्घ असला तरी समासात तो ऱ्हस्व : हेतुपुरस्सर.

कारण, प्रयोजन, इरादा हे अर्थ कुठल्याही कोशात सापडतील. गंमत धातूत आहे. ‘हि’, हिनोति : धाडणे, ढकलणे. त्याला ‘तु’ लागला की हेतु, म्हणजे माणसाला ढकलणारा. आणि मोटिव्ह? लॅटिनमधलं मोवेरे, हलवणे. दोन धातूंचा एकमेकांशी संबंध नाही, पण चित्र तेच! घोड्याचा ‘हय’सुद्धा याच ‘हि’चा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘हय’ हा ‘जाणे’ अर्थाचा वेगळा धातू आहे म्हणून काही पंडित घोडा तिथे नेऊन बांधतात. मला तर तो धातूच घोड्यावरून पाडलेला वाटतो. शस्त्राला ‘हेति’ म्हणतात. काशिकेने, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेने, त्यासाठी ‘हन्’ (मारणे) आणि ‘हि’ दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्यात, तरी ‘हन्’ला चिकटून बसणाऱ्यांना मेलेला माणूस तेवढा दिसतो, सुटलेला बाण दिसत नाही. ‘हित’ मात्र इथे ओढू नका, तो ‘धा’ (ठेवणे) या धातूचा. ‘ज्यात हित तो हेतू’ हे कीर्तनात शोभेल.

न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर धूर हा हेतू : डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. धूर काही आग लावत नाही, तो आपल्या बुद्धीला अनुमानाकडे ढकलतो. ‘हि’ तिथेही कामावर हजर!

उद्देशात ‘दिश्’ आहे, दिशा दाखवणारं बोट. हेतू मागून रेटतो, उद्देश पुढे दाखवतो. भावाच्या दुधात विष कालवणाऱ्याचा उद्देश भावाला मारण्याचा. हेतू, सामाईक विहिरीचा हिस्सा. कोर्टातही दोन्ही वेगळे तपासतात, आणि प्रत्यक्ष पुरावा भक्कम असेल तर हेतू सापडला नाही म्हणून आरोपी सुटत नाही.

हां, निमित्त राहिलंच. भांडण विहिरीचं, त्या दिवशी मोटर आधी कुणी सुरू केली, ते निमित्त.