आधी चिप, मग लस
वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला घेऊन परदेशी राहायला जाताना

प्रश्न : तीन महिन्यांनी आम्ही जर्मनीला कायमचे जात आहोत. आमच्या चार वर्षांच्या कुत्रीला रेबीजची लस आधी दिली आणि कातडीखालची ओळखक्रमांकाची चिप दोन महिन्यांनी बसवली. दोन्हींचे कागद आहेत. आणखी काय लागेल?

उत्तर : लस पुन्हा द्यावी लागेल. चिप बसवण्यापूर्वी टोचलेली लस युरोपीय संघात धरतच नाहीत. दाखला असतो तो अमुक क्रमांकाच्या चिपच्या कुत्र्याला लस दिल्याचा. चिपच नव्हती, तर सुई याच कुत्रीला टोचली हे कशावरून? दोन्ही गोष्टी एकाच दिवशी उरकल्या तरी चालतात, पण आधी चिप. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकडी हवी. लस टोचण्याआधी व्हेटना (पशुवैद्यांना) चिपवरून स्कॅनर फिरवायला सांगा आणि पडद्यावरचा क्रमांक लसीच्या पुस्तिकेतल्या क्रमांकाशी एकेक अंक बोटाने ताडून पाहा. कागद हाताने भरताना दोन अंक हमखास उलटसुलट होतात, आणि मग तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

तुम्ही ज्या देशातून निघणार, तो युरोपीय संघाच्या मान्य यादीत नसेल तर रक्ततपासणीही लागते. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचं) प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवं. त्यानंतर तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त घेतल्या दिवसापासून मोजतात, अहवाल आल्यापासून नव्हे. म्हणजे आज लस दिली तरी चार महिने जातातच. तेव्हा यादीबाहेरच्या देशातून निघत असाल, तर तीन महिन्यांनी कुत्री तुमच्याबरोबर निघू शकणार नाही. हे आजच मान्य करून तिची सोय विश्वासाच्या माणसाकडे करा.

मात्र नंतर ‘कुणीतरी पाठवून देईल’ असं गृहीत धरू नका. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत झाला नाही, तर तिला व्यापारी आयातीचे नियम लागतात आणि ते बरेच कडक आहेत. तिला न्यायला परत येण्याचा खर्च आत्ताच हिशेबात धरा. बूस्टरची, म्हणजे लसीच्या पुढच्या डोसची तारीखही चुकवू नका. एक दिवस जरी उलटला तरी ती लस पहिलीच समजतात आणि रक्ततपासणीसकट सगळं पुन्हा सुरू होतं. आरोग्य दाखला मात्र अगदी शेवटी, पोहोचण्याआधीच्या १० दिवसांत घ्यायचा आणि त्यावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा. सरकारी सुट्ट्या आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : जपानलाही हेच नियम का?

उत्तर : क्रम तोच, मुदत दुप्पट. रेबीजमुक्त म्हणून मान्य नसलेल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला चिपनंतर किमान ३० दिवसांच्या अंतराने दोन लसी, मग रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची वाट. पहिली लस १ जानेवारीला दिली, दुसरी लस आणि रक्त ३१ जानेवारीला, तर मोजणी ३० जुलैला पुरी होते. पोहोचण्याआधी किमान ४० दिवस तिथल्या प्राणी-विलगीकरण खात्याला आगाऊ सूचनाही द्यावी लागते. मुदत पुरी न करता गेलात, तर उरलेले दिवस कुत्रा तिथल्या विलगीकरण केंद्रात काढतो, तुमच्यापासून दूर. त्यापेक्षा ते दिवस त्याने घरी काढलेले शतपट बरे.

प्रश्न : विमानासाठी पिंजरा नेमका केवढा घ्यावा? दुकानदार म्हणतो, मध्यम आकाराचा चालेल.

उत्तर : दुकानदाराचं ‘मध्यम’ विमान कंपनी मानत नाही, टेपने मापं घ्या. कुत्र्याला सरळ उभं करून चार मापं घ्यायची : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, खांद्याजवळची रुंदी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत (कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत) उंची. पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्याच्या मापाची दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा मापं ८०, ३०, २० आणि ६० सेंटिमीटर आली, तर पिंजरा आतून ९५ लांब, ४० रुंद आणि ६० पेक्षा थोडा जास्त उंच हवा. मापं दोघांनी मिळून घ्या. एकट्याने घेतली की कुत्रा बसतो नाहीतर मान खाली घालतो, आणि उंची कमी भरते.

वरचा-खालचा भाग जोडायला प्लॅस्टिकच्या खिट्ट्या नकोत, धातूचे नटबोल्ट हवेत. हवेला जागा चारही बाजूंनी, चाकं असतील तर काढलेली. पाण्याची वाटी दाराला आतून पक्की अडकवलेली, पण बाहेरून भरता येईल अशी. पिंजरा किमान दीड-दोन महिने आधी आणून दार उघडं ठेवून घरात मांडा आणि जेवण त्यातच द्या. स्वतःहून आत जाऊन झोपायला लागला, की दार आधी काही मिनिटं आणि मग हळूहळू तासभर लावा.

प्रश्न : आमचा पग घाबरट आहे. प्रवासात गुंगीचं औषध द्यावं का?

उत्तर : देऊ नका. गुंगीत रक्तदाब उतरतो, तोल राहत नाही आणि श्वास मंदावला तर विमानाच्या मालकक्षात (सामान ठेवायच्या भागात) बघायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा बहुतेक विमान कंपन्या चढवूच देत नाहीत. पगच्या बाबतीत धोका आणखी मोठा. चपट्या तोंडामुळे त्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, त्यामुळे उकाड्यात त्याचा जीव चटकन कासावीस होतो. काही कंपन्या या जाती मालकक्षात घेतच नाहीत. तेव्हा आधी कंपनीला विचारा, मग तिकीट काढा. थंड ऋतूतलं आणि शक्यतो थेट विमान निवडा, पिंजरा वरच्या हिशेबापेक्षा १० टक्के मोठा घ्या. निघण्याआधी चार-सहा तास हलकं खाणं, मग भरपूर फिरवणं. तुम्ही अंगात घातलेला, न धुतलेला एक टी-शर्ट पिंजऱ्यात अंथरा, तुमच्या वासाने तो निवांत होतो.

प्रश्न : ब्रिटनसाठी जंतांचं औषध दोन आठवड्यांपूर्वीच दिलं आहे. पुरे ना?

उत्तर : नाही. फीतकृमीवरचं (आतड्यातल्या फितीसारख्या चपट्या जंतांवरचं), म्हणजे प्राझिक्वांटेल असलेलं औषध ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत व्हेटनीच द्यायला हवं आणि दाखल्यावर तारखेसोबत वेळही लिहायला हवी. तास मोजायचे ते पोहोचण्याच्या वेळेपर्यंत, विमान सुटण्याच्या नव्हे. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन दिवस आधी द्या, म्हणजे उशीर झाला तरी मुदतीत बसेल.