आधी वैशाखात विहीर बघा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुण्यात नोकरी करतो. टाळेबंदीत किराण्याच्या रांगेत उभं राहिल्यापासून मनात आहे, गावाकडे दोन-तीन एकर घ्यावं, धान्य-भाजी-दूध घरचं करावं, अडीनडीला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. मूळ गाव अमळनेर तालुक्यात, पण तिथली शेती आजोबांनीच विकली. शिरपूर, साक्री, चाळीसगाव यांतला कोणता तालुका बरा?

उत्तर : दादा, तालुक्याच्या आधी कागद. तुम्ही शेतकरी नसाल तर कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ताईंच्या माहेरच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलंय का, ते आधी बघा. साक्रीच्या पश्चिम भागात पाऊस बरा, बारीपाड्यासारख्या गावांनी जंगलही राखलंय. पण आदिवासी खातेदाराची जमीन स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नका. परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही आणि त्याची जमीन त्याच्याकडेच राहावी, असं मलाही वाटतं.

आता पाणी. लोक दिवाळीत जमीन बघायला येतात, तेव्हा खानदेशातली प्रत्येक विहीर तुडुंब दिसते. मीही तशीच फसले होते. कार्तिकात चार परस, म्हणजे चार पुरुष उंचीचं, पाणी बघून चोपड्याकडे दीड एकर घेतलं आणि अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, तळाचा दगड उघडा पडला. पुढची दोन वर्षं गुरांसाठी पाणी विकत घेतलं. म्हणून मे महिन्यात या. दोराला दगड बांधून विहीर मोजा, शेजारच्या तीन विहिरीही मोजा, आणि गावात टँकर कोणत्या वर्षी आला होता ते बायकांना विचारा. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो, त्यांना साल पाठ असतं. शिरपूरला नाले खोल-रुंद करून, बंधारे बांधून पाणी जिरवलंय. पण त्याच तालुक्यात तापीकाठचा गाळ वेगळा आणि काळा पाषाण वेगळा, तेव्हा तालुक्याच्या नावावर विसंबू नका. शिवार बघा.

दुसरी फेरी ऑगस्टमध्ये. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घरादारांत शिरलं आणि त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. तुमच्या शेतापासून दवाखान्यापर्यंत किती फरशी पूल लागतात, ते पावसात स्वतः जाऊन मोजा.

उन्हाळाही संकटच धरा. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, वीजही जाते. पत्र्याचं घर बांधू नका. जाड भिंतीचं, मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर मिळालं तर तेच डागडुजी करून घ्या.

धान्याचं सोपं आहे. ज्वारी आणि उडीद असले की कळण्याची भाकरी वर्षभर होते. वैशाखाच्या उन्हात खणखणीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा. बियाणं मात्र दोन हंगामांचं राखा, कारण दुबार पेरणी आमच्याकडे नवी नाही.

दोन्ही फेऱ्या झाल्या की गट नंबर आणि मेमधलं विहिरीचं माप कळवा. पिकांचं मग बोलू.