साहेबांचं नाव ‘कॅन’ नाही, ‘जान’

तुम्ही विचारलंत की इस्तंबूलहून आलेल्या नेमणुकीच्या पत्राखाली साहेबांचं नाव सी-ए-एन असं आहे, ते वाचायचं कसं, अर्थ काय आणि त्यांना हाक कशी मारायची. निघण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी अकरा वर्षं इथे, इस्तंबूलच्या कादिकोय भागात राहते. नाव नीट घेतलं की इथली माणसं किती खुलतात, ते रोज बघते.

ते ‘जान’. 1928 साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन अक्षरं घेतली, तेव्हा ‘सी’ हे अक्षर ज साठी ठरलं. ज ‘जय’मधला म्हणायचा, ‘जाळं’मधला नाही, आणि ‘आ’ ताणायचा नाही. सीखाली शेपटी असली तर मात्र च होतो, आणि ‘चान’ म्हणजे घंटा. तेवढं जपा.

शब्द मूळचा फारसी. मराठीत आला तोच तुर्कीतही गेला. अर्थ जीव, प्राण. मुलाचं नाव म्हणून तो इथे अगदी घरोघरचा आहे. कवी जान युजेल, फुटबॉलपटू जान बार्तू ही नावं कानावर येतीलच. अलेवी पंथाचे लोक तर एकमेकांनाच ‘जान’ म्हणतात, बाई असो की पुरुष.

कादिकोयहून एमिनोनूला बोटीने गेलात की जीवरक्षक जाकिटांच्या पेटीवर ‘जान येलेई’ लिहिलेलं दिसेल. कठड्याला अडकवलेलं तरंगतं कडं म्हणजे ‘जान सिमिदी’. सिमित हा तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव, म्हणजे जीव वाचवणारा सिमित! हा शब्द मला तिथे खरा भेटला.

आणि एकदा शेजारणीकडे. माझ्या हातून तिचा चहाचा ग्लास फुटला, तो कमरेत बारीक असतो ना, तसला, तिच्या सासूच्या वेळचा. मी कानकोंडी होऊन उभी, आणि ती काचा वेचता वेचता म्हणाली, ‘जानिन सा ओल्सुन’. तुझा जीव सलामत असू दे. आपली आजी ‘जिवापेक्षा का ग्लास मोठा?’ म्हणाली असती, तसंच.

साहेबांना ‘जान बेय’ म्हणा. आपण नावापुढे राव लावतो तसं हे बेय, बाईंना हानम. आडनावं इथे 1934 च्या कायद्याने सक्तीची झाली, म्हणून मान द्यायचा तो पहिल्या नावालाच. ‘आबी’, म्हणजे दादा, हे दुकानदाराला चालतं. साहेबांना ते स्वतः सुचवतील तेव्हाच.

तुमच्या नावात ज असेल तर आणखी एक. इंग्रजी ‘जे’ इथे फ्रेंचसारखा, झ आणि श यांच्या मधला उच्चारतात. माझ्या नवऱ्याला, संजयला, पहिल्या भेटीत हमखास तसंच म्हणतात. ओळख करून देताना नाव ‘सी’ने लिहून दाखवा, चटकन जमतं. भाडेकरार, बँक, निवासपरवाना इथे मात्र पासपोर्टवरचंच स्पेलिंग, एकही अक्षर न बदलता.