एका मंचावर चार तऱ्हांचं गाणं : आवाजाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या पंचाहत्तरीला सांगलीत लॉनवर कार्यक्रम आहे. आधी भजनी मंडळ, मग बहिणीची भावगीतं तबला-पेटीवर, शेवटी भाच्याचा बँड आणि मधेमधे पाहुण्यांचं कराओके. मिक्सर १६ चॅनेलचा, साधा अ‍ॅनालॉग आहे. दर वेळी वायरी काढून घालाव्या लागतील का? – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : नाही, एकदा लावलेली वायर कार्यक्रम संपेपर्यंत निघता कामा नये. त्यासाठी चॅनेल माणसांना वाटू नका, कामांना वाटा. १ आणि २ गाण्याचे माइक. बुवा, बहीण, बँडचा गायक सगळ्यांना तेच. ३-४ कॉर्डलेस, निवेदन आणि कराओकेसाठी. ५ पेटी. ६-७ चामड्याच्या वाद्यांना : आधी पखवाजाची शाईची आणि कणकेची बाजू, नंतर तबला आणि डग्गा. ८ वर टाळकऱ्यांच्या कोरसचा एक माइक, तोही तोंडाच्या उंचीला. टाळांना वेगळा माइक देऊ नका, ते न बोलावता प्रत्येक माइकमध्ये शिरतात. ९ बेस ड्रम, १० स्नेअर, ११ ड्रमच्या वरचा कंडेन्सर, १२ बास, १३ गिटार, १४ कीबोर्ड, १५-१६ लॅपटॉप.

बास, कीबोर्ड आणि लॅपटॉप डीआय बॉक्समधूनच घ्या, म्हणजे वाद्याचा सिग्नल माइकच्या सॉकेटाला चालेल असा करून देणाऱ्या छोट्या डबीतून. बऱ्याच छोट्या मिक्सरवर कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण सगळ्या चॅनेलांना मिळून एकच असतं. गाण्याच्या साध्या डायनॅमिक माइकला, वायर धड असेल तर, त्याने काही होत नाही. पण लॅपटॉप थेट माइकच्या सॉकेटात घातला तर त्याचं आउटपुट जाऊ शकतं.

खरी डोकेदुखी गेनची, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा त्याची. बुवा माइकला खेटून खड्या आवाजात म्हणणार, बहीण वीतभर लांबून हळुवार. माइक तोच, गेन दोन, आणि अ‍ॅनालॉग मिक्सरला आठवण नसते. म्हणून फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या, खाली कागदी टेप लावा आणि मंडळीगणिक वेगळ्या रंगाचं पेन घ्या. साउंड चेकला पीएफएल (त्या एकाच चॅनेलची पातळी मीटरवर दाखवणारं बटण) दाबून त्यांना सगळ्यात चढी ओळ म्हणायला सांगा, मीटर शून्याच्या आसपास आणा आणि गेनच्या खुंटीची खूण घड्याळाच्या काट्यासारखी लिहा : बुवा लाल १०, बहीण निळा १. त्याच रंगात ऑक्सची, म्हणजे मॉनिटरला (गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरला) आवाज पाठवणाऱ्या खुंटीची, खूणही हवी. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी आवाज घेणारा, असला तरी तो गेनच्या नंतरच येतो. फेडर खाली आहे म्हणून निर्धास्तपणे गेन वाढवला की समोरचा मॉनिटर शिट्टी मारतो. आधी म्यूट, मग ऑक्स खाली, मग गेन, हा क्रम सोडू नका.

साउंड चेक उलटा घ्या : बँड आधी, भजनी मंडळ शेवटी. म्हणजे पहिल्या मंडळींची मांडणी तशीच राहते. ड्रम मागे जागेवरच राहू द्या, पण भजन चालू असताना ९ ते १४ म्यूट करा आणि स्नेअरच्या बाजूची कळ पाडा. नाहीतर पखवाजाच्या प्रत्येक थापेला त्याच्या तारा खरखरतात. तबला हातोडीने लावत असतील तेव्हा ६ बंद. ती ठकठक जेवणाऱ्यांना कशाला?

आणि उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद व्हायलाच हवा. बँडला पावणेदहाची वेळ सांगून ठेवा. ते दहा मिनिटं जास्त घेतातच.

प्रश्न : तानपुऱ्याला माइक लावला की घूं घूं आवाज सुरू होतो. – एक वाचक, मिरज

उत्तर : भोपळा स्वतःच घुमट आहे, मॉनिटरचा आवाज त्यात शिरतो, घुमतो आणि माइकमधून परत येतो. तानपुरा मॉनिटरमध्ये अजिबात देऊ नका, वाजवणाऱ्याला मॉनिटरच्या तोंडापासून बाजूला बसवा आणि माइक घोडीपासून वीतभर ठेवा. लो-कट, म्हणजे खालचे जाड स्वर कापणारं बटण, १०० हर्ट्झला लावा. काळी एकच्या खरजाचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ, म्हणजे तो कमी होईल; पण कानाला खरज ऐकू येतो तो त्याच्या वरच्या स्वरांमुळे. त्या वरच्या स्वरांची पट्टी मात्र कापू नका. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या जवारीवर, म्हणजे तारेला झणकार देणाऱ्या घोडीच्या घडणीवर, कारागिराने घेतलेली मेहनत सगळी त्या वरच्या स्वरांतच ऐकू येते.

प्रश्न : लॅपटॉप लावला की स्पीकरमध्ये घरघर येते. प्लगची अर्थिंगची पिन काढली की थांबते. चालेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : मुळीच नको. जनरेटरवर एखादी वायर सोलवटली तर माइकला ओठ लावणाऱ्याला झटका बसेल. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर गेली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीतली जमीन तोडणारं बटण) दाबा, नाही गेली तर मिक्सर आणि स्टेजवरच्या सगळ्या उपकरणांची वीज एकाच बोर्डावरून घ्या.