सोडू की नको, एवढंच सांगा

कॉलेजं सुरू झाली की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. कधी गिटार घेऊन, कधी पेटी, कधी नुसता लॅपटॉप. अभ्यास सांभाळून संगीत होईल का? मुलं विचारतात तेव्हा त्यात 'होईल म्हणा ना' असतं. आईवडील विचारतात तेव्हा 'नाही म्हणून सांगा' असतं.

हा मुलगा तबल्याचा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, राहिलेला. राहायला पंचवटीत, कॉलेज गावाबाहेर, वडील सातपूरच्या एमआयडीसीत शिफ्टला. (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंय.) आई सोबत होती. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाली, "मॅडम, ह्याला सांगा, तबला वर्षभर माळ्यावर टाक. इंजिनिअर हो, मग वाजव काय वाजवायचं ते." ती बाहेर जाऊन बसली तेव्हा मुलगा म्हणाला, "सोडू की नको, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

इतकी आज्ञाधारक मुलं आली की मी सावध होते. निर्णय माझा झाला, तर वर्षभराने चुकल्याचं खापरही माझ्याच डोक्यावर. ते चालेल एक वेळ, पण त्याच्या हाती काय लागणार?

आधी झोप, जेवण, मन कशातच न लागणं, हे सगळं विचारून घेतलं. तिथे काही बिनसलं असेल तर वेळापत्रकाच्या गप्पा मारण्यात अर्थ नसतो. झोप तेवढी बिघडलेली होती. वडील रात्रपाळीला गेले की हा अकराला तबल्यावर बसायचा, खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर ठोकायचं, मग हा पुस्तक उघडायचा, आणि एक-दीडला डोळे मिटायचे. सकाळी साडेसहाला निमाणीहून बस.

मी त्याला दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली. काय करायचंय त्याची नाही, काय झालं त्याची. फोनमध्येच, दोन-दोन शब्दांत. संगीताशी जे जे म्हणून असेल ते सगळं लिही म्हटलं, अगदी व्हॉट्सअॅप ग्रुपवरची बोलणीसुद्धा.

दुसऱ्या भेटीत आम्ही दोघांनी मिळून बेरीज केली. आठवड्याला साधारण एकवीस तास संगीताच्या नावावर जात होते. गणपतीच्या पथकात ढोलाचा सराव, आठवड्यातून चार संध्याकाळी, जाण्यायेण्यासकट. पथकाची यादी, वर्गणी, टिपऱ्या कुठून आणायच्या याचे फोन. कॉलेजच्या बँडसाठी काखोनवर (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं) बसणं. एका मित्राच्या रीलला मागे काहीतरी वाजवून देणं. कॉलनीतल्या भजनी मंडळाला गुरुवारी साथ. आणि स्वतःचा रियाझ? अडीच तास. सात दिवसांत.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. "मला वाटत होतं तबल्यामुळे माझा एम-थ्री गेला," म्हणाला. तबला तर त्याने न सांगता कधीच सोडला होता.

हे मी पुष्कळ मुलांत पाहते. लॅपटॉपवर गाणी करणाऱ्यांचंही तेच, फक्त रूप निराळं. रात्र रात्र नवीन सॉफ्टवेअर शोधण्यात, ट्यूटोरिअल बघण्यात जाते आणि फोल्डरात चाळीस अर्धवट गाणी पडून असतात. दमायला होतं ते संगीताने नव्हे, संगीताच्या आजूबाजूच्या कामाने. त्यात नाशिकमध्ये ढोल! नाशिक ढोल हे नावच महाराष्ट्रभर चालतं. इथल्या मुलाला पथकाला नाही म्हणणं किती जड जातं ते मला कळतं.

कळतं म्हणते, पण तेव्हा कळलं नव्हतं. मी त्याला सरळ सांगून टाकलं की यंदा पथक बंद ठेव. पहाटे पाचचा गजर, सहापर्यंत रियाझ, असा तक्ताही काढून दिला. सहा दिवस चालला. सातव्या दिवशी वडिलांची सेकंड शिफ्ट लागली. रात्री साडेअकराला घरी आलेला माणूस पहाटे पाचला तीनताल ऐकून घेईल का? त्यांनी तबला उचलून खरोखरच माळ्यावर ठेवला. पथक सुटल्यामुळे मित्रही सुटले, आणि पोरगा कॉलेजमधून येऊन नुसता पडून राहायला लागला. चूक माझी होती. दोन खोल्यांच्या घरात तबला कसा वाजतो, हे न विचारता मी तक्ता आखला होता.

तिसऱ्या भेटीला म्हणून वडिलांना बोलावलं. अबोल माणूस. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करून गायले, हे त्यांनीच मला ऐकवलं. पालक हे उदाहरण नेहमी देतात, आणि ऐकणाऱ्या पोराला नेहमी वाटतं, मी काय वसंतराव आहे? मी विषय बदलून त्यांच्या शिफ्टचा तक्ता मागितला. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी सव्वासहाला घर सोडतात. उरलेल्या दोन्ही शिफ्टमध्ये संध्याकाळी साडेसहाला एक तर घरी नसतात, नाहीतर उठून चहा घेत असतात. मग रियाझ संध्याकाळी साडेसहाला, चाळीस मिनिटं. फर्स्ट शिफ्टला वडील दमून आलेले असले तर तबल्यावर रुमाल टाकून. "रुमालाची गरज नाही," वडील म्हणाले. वसंतरावांनंतरच्या तासाभरात ते एवढंच बोलले.

चाळीस मिनिटं, आणि तीही अभ्यासाच्या आधी. इथे आई अडली. "आधी अभ्यास, मग बक्षीस म्हणून तबला, असं नको का?" नको. इंजिनिअरिंगचा अभ्यास संपत नाही. संपल्यावर वाजवायचं म्हटलं की रात्रीचे अकरा वाजतात आणि आपण पुन्हा त्या पाइपच्या ठोक्याशी येतो. शिवाय आधी वाजवून झालं की पुस्तकासमोर बसल्यावर तबल्याची हुरहूर राहत नाही. सबमिशनच्या आठवड्यात तबला झाकलेला राहील, हेही आधीच ठरवून टाकलं. ठरवून बंद ठेवलेल्या तबल्याचा अपराधी भाव येत नाही.

सगळ्यात अवघड होतं त्याच्या सरांना सांगणं. त्याचा विशारद प्रथम या तबल्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, गांधर्व महाविद्यालय मंडळाचा. ज्या गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी आमच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, त्यांच्या शिष्यांनी 1931 साली हे मंडळ उभं केलं. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र विद्यापीठाच्या एंड-सेमच्या अंगावर येतं, एप्रिल-मेचं निदान थोडं सरकून. एवढं साधं गणित. पण सरांना वाईट वाटेल म्हणून हा चार महिने गप्प होता. शेवटी गेला. सर म्हणाले, "मग एप्रिलला दे. तोपर्यंत एकच कायदा, ठाय लयीत. आणि बसमध्ये काय करतोस?" (कायदा म्हणजे तबल्यातली बांधलेली रचना, ठाय म्हणजे संथ लय.) बसमध्ये तो रील बघत होता. सरांनी त्याला पढंत लावून दिली. हातावर ताल धरून बोल म्हणायचे, सोळा मात्रा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. त्याला ना तबला लागतो, ना शांतता, ना वडिलांची शिफ्ट. हे मला सुचायला हवं होतं असं अजून वाटतं, पण मी गाते थोडंफार, वाजवत नाही.

पथकात तो परत गेला, फक्त शनिवार-रविवार, आणि यादी-वर्गणी दुसऱ्याच्या गळ्यात घालून. पथकप्रमुखाने स्पष्ट सांगितलं, चार दिवस येणारी मुलं पहिल्या रांगेत, तू मागे. मिरवणुकीत तो मागेच होता. फोटोत दिसत नाही. हे त्याला लागलं, आणि मी 'त्यात काय एवढं' म्हटलं नाही. कॉलेजचा बँडही सोडला. भजनी मंडळाचा गुरुवार मात्र आईनेच ठेवायला लावला.

एम-थ्री डिसेंबरात निघाला, काठावर. तिसऱ्या वर्षाचा एक विषय मात्र राहिला, त्यामुळे आईचं समाधान अर्धंच आहे. मेमध्ये विशारद प्रथमची परीक्षा दिली.

निकालाच्या आधी आईचा फोन आला होता. "मॅडम, हल्ली आंघोळीला गेला तरी आतून धा तिरकिट धा तिरकिट चालू असतं. बादली वाजवतो. हे त्या चाळीस मिनिटांत धरायचं की वेगळं?"