अमेरिकेतली ‘बेबी बॉन्ड’ योजना आणि आपलं आरक्षण, एकच का?

प्रश्न : अमेरिकेचे कृष्णवर्णीय खासदार कोरी बुकर २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी मागत होते तेव्हा त्यांनी ‘बेबी बॉन्ड’ची, म्हणजे सरकारने बाळाच्या नावावर पैसे ठेवण्याची, योजना मांडली होती. वांशिक विषमतेवर उपाय म्हणतात पण त्यात वंशाचं नावच नाही म्हणे. मग हे आपल्या आरक्षणासारखं आहे का?
– एक वाचक, नायगाव

उत्तर : नाही हो, वेगळं आहे. आरक्षण शिक्षणाचं, नोकरीचं दार उघडतं, बुकर यांचा रोख होता पिढ्यानपिढ्या साठत आलेल्या संपत्तीवर, आणि तिकडे सामान्य घरात संपत्ती म्हणजे मुख्यतः राहतं घरच. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘कर्ज देणं धोक्याचं’ म्हणून लाल रंगवल्या, तिथे घरकर्ज मिळणं मुश्किल झालं. घरांबाबत भेदभावबंदीचा कायदा आला १९६८ ला, तोवर लाखो गोऱ्या कुटुंबांची घरं होऊन पोरांच्या नावावर जायच्या तयारीतसुद्धा होती.

कायदा झाल्यावर तरी काय? १९६९ ला बुकर यांचे आईवडील न्यू जर्सीत हॅरिंग्टन पार्कला घर बघायला गेले, तर एजंट म्हणाला विकलं गेलं. मग आईवडिलांच्या वतीने एक गोरं जोडपं पुढे केलं, त्यांना लगेच होकार, आणि सह्यांच्या दिवशी त्यांच्याऐवजी बुकरचे वडील वकिलाला घेऊन हजर झाले तर एजंटने वकिलाला ठोसा मारला नि कुत्रा अंगावर सोडला! मुंबईत आडनाव सांगितल्यावर ‘मालकाला आता भाड्याने द्यायचं नाहीये’ असं ज्यांनी ऐकलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तर योजना अशी, प्रत्येक बाळाच्या नावावर जन्मताच १,००० डॉलर, पुढे घरचं उत्पन्न बघून वर्षाला २,००० पर्यंत, अठराव्या वर्षानंतर ते पैसे शिक्षणाला किंवा घर घ्यायला. गरिबात कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त, म्हणून वंशाचं नाव न घेताही त्यांना जास्त पोचणार, असा हिशोब. मला योजना मनापासून आवडते पण उत्पन्नाची अट खटकते, कारण सारख्या पगाराच्या दोन घरांतही गोऱ्यांकडे बापजाद्यांची पुंजी जास्त असते, मोजायचीच तर तीच मोजायला हवी होती. शिवाय एजंट नि बँका तशाच वागल्या तर हातात पैसे असून घर मिळणार कसं?

बुकर जानेवारी २०२० मध्ये शर्यतीतून बाहेर पडले, देशपातळीवर कायदा झाला नाही. कनेक्टिकट राज्याने मात्र गरीब घरांतल्या बाळांसाठी अशी योजना आणली, १ जुलै २०२३ पासून जन्मलेल्या बाळामागे ३,२०० डॉलर गुंतवतात.