मुलानं मागणंच सोडलंय

ताई, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, मुलगी ८ वर्षांची. मुलाच्या मित्रांकडे गेम खेळायचं मशीन आहे. वर्षभर तो माझ्या मागे लागला होता आणि मी दर वेळी 'बघू' म्हणत राहिले. आता त्यानं मागणंच सोडलंय. परवा धाकटीनं विषय काढला तर तिला म्हणाला, 'गप्प बस, आपल्याला नाही परवडत.' मला रात्रभर झोप लागली नाही. थोडे पैसे बाजूला टाकलेत, पण नव्या मशीनच्या निम्मेही भरत नाहीत. नवरा म्हणतो, हप्त्यांवर घेऊन टाकू. बहीण म्हणते, जुनं घे. मला त्यातलं काहीच कळत नाही, आणि फसले तर पुन्हा एवढे पैसे साठायचे नाहीत. काय करू?
– एक आई

प्रिय ताई,

तुमच्या 'बघू'चा अर्थ मुलानं स्वतःच लावून टाकला आणि मनातली इच्छा आवरती घेतली. समजूतदार आहे तो, पण या वयात एवढा समजूतदारपणा एकट्यानं पेलायला लागू नये. म्हणून खरेदीच्या आधी त्याला जवळ बसवा आणि किती पैसे साठलेत तो आकडा सांगा. घरातल्या सगळ्या अडचणी सांगायची गरज नाही, फक्त आकडा. 'यात बसेल असं आपण दोघं मिळून शोधू' म्हणा. नाही तरी या विषयातलं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

हप्त्यांवर घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. मशीन हा पहिला खर्च. त्यामागून गेम येतात, दुसरा कंट्रोलर (हातात धरून खेळायचं बटणांचं साधन) येतो, काही गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी येते. हप्ते चालू असताना हे कशातून करणार? साठवलेल्या पैशांतलेही सगळे मशीनवर घालू नका, निदान तिसरा हिस्सा गेम आणि कंट्रोलरसाठी राखून ठेवा.

आता मुलाला विचारा, तुला नेमकं काय खेळायचंय आणि कुणाबरोबर? मशीन कुठलं घ्यायचं ते या उत्तरावर ठरतं. मित्र माइनक्राफ्ट, फोर्टनाइट किंवा रॉकेट लीग खेळत असतील, तर त्यांच्याकडे एका कंपनीचं आणि तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं मशीन असलं तरी सगळ्यांना एकत्र खेळता येतं. शेवटचे दोन गेम तर फुकट आहेत आणि ते ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणीही लागत नाही. मात्र फोर्टनाइटला युरोपात १२ वर्षांवरचं मानांकन आहे, तेव्हा तो तुम्ही स्वतः बघून मगच ठरवा.

बहिणीचं म्हणणं बरोबर आहे, पण जुनं म्हणजे किती जुनं, ते बघायला हवं. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन २०१३ साली आले, निन्टेन्डो स्विच २०१७ साली. त्यांच्या पुढच्या पिढ्या आल्यामुळे बरीच घरं ही मशीनं विकून टाकतात. इथपर्यंत मागे जायला हरकत नाही. त्याहून मागे जाऊ नका. निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या मशीनचंच बघा. त्यांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, आता त्यावर नवा गेम विकत घेऊन डाउनलोडच करता येत नाही.

तुमच्या दोन मुलांसाठी मी वापरलेला साधा स्विच निवडला असता. तो टीव्हीला जोडता येतो, आणि त्याचे दोन छोटे कंट्रोलर सुटे करून बऱ्याच गेममध्ये दोघांना एकेक घेता येतो. स्विच लाइट स्वस्त पडतो, पण तो टीव्हीला जोडता येत नाही आणि एका वेळी एकाच्याच हातात राहतो. भावंडांच्या घरात रोजचं भांडण ठरलेलं.

एका गोष्टीत हमखास फसायला होतं. काही मशीनमध्ये डिस्क घालायची सोयच नसते. एक्सबॉक्स सीरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती ही त्यातलीच. मशीन स्वस्त मिळतं, पण मग मित्राची डिस्क आणता येत नाही, वापरलेला गेम घेता येत नाही, खेळून झालेला विकताही येत नाही. तुमच्यासारख्या बेताच्या बजेटमध्ये ही सोय फार मोलाची आहे. शिवाय आज घेतलेल्या प्लेस्टेशन ४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पुढे डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ वर चालतात. स्विचचे बहुतेक गेमही २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर चालतात. म्हणजे ते पैसे वाया जाणार नाहीत.

घेताना मुलाला बरोबर न्या. विकणाऱ्याला मशीन टीव्हीला लावायला सांगा आणि अर्धा तास खेळू द्या. मागची वायर हलकेच हलवून बघा, चित्र गेलं तर जोडणी खिळखिळी झालेली आहे. पंखा घरघरतोय का ऐका, डिस्क (स्विच असेल तर गेमचं छोटं कार्ड) घालून बघा. मग कंट्रोलरला कुणीही हात लावू नका आणि पडद्यावर लक्ष ठेवा. पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागलं तर कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची काडी खराब झालेली असते, याला मुलं ड्रिफ्ट म्हणतात. शेवटी विकणाऱ्याकडून त्याचं अकाउंट तिथल्या तिथे काढून घ्या, मशीन पूर्ण रिसेट करायला लावा आणि इंटरनेटला जोडून तुमचं अकाउंट उघडा. कंपनीनं ऑनलाइनसाठी बंदी घातलेलं मशीन असेल तर ते इथेच कळतं. हे सगळं होईपर्यंत पैसे हातातून सोडू नका. एवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेलं मशीन घ्या. थोडं महाग पडेल, पण पैसे पुन्हा साठणार नाहीत म्हणता, तर वॉरंटीला महत्त्व आहेच.

'एकाच यंत्रात हजारो गेम' असं लिहिलेली स्वस्त खेळणी मात्र घेऊ नका. त्यांत बहुतेक वेळा कित्येक वर्षांपूर्वीचे, विनापरवाना भरलेले गेम असतात आणि तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. मित्र खेळतात तो गेम त्यात नसेल. तुमचा मुलगा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते दोन दिवस खेळेल आणि मुकाट्यानं ठेवून देईल.

घरात बऱ्यापैकी कॉम्प्युटर असेल तर आधी नुसता कंट्रोलर आणून बघा. माइनक्राफ्टसारखे गेम त्यावर चालतात, आणि मग मशीनची घाईच राहत नाही.

मशीन आल्यावर मुलांची अकाउंट त्यांच्या खऱ्या जन्मतारखेनिशी उघडा. त्यावर तुमचं कार्ड साठवून ठेवू नका आणि खरेदीला पासवर्ड लावा. फुकटचे गेम आतल्या पोशाखांवर आणि सजावटीवर पैसे मिळवतात, आणि मुलांच्या हातून ते पटकन खर्च होतात.

आणि पहिला गेम धाकटीला निवडू द्या, दोघांना एकत्र खेळता येईल असा. या खटाटोपात तिला काय आवडतं हे अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही.

तुमची,
ताई